वन्समोअर मिळणार नाही

अमेरिकेत ओरेगॉन राज्यातल्या पोर्टलंड शहरात लोकवर्गणीवर चालणारं एक रेडिओ केंद्र आहे. एकदा त्यांची वर्गणी गोळा करण्याची मोहीम चालू होती. निवेदक श्रोत्यांना सांगत होता, पैसे पाठवा, म्हणजे आम्ही ‘स्टेअरवे टू हेवन’ हे गाणं पुन्हा कधीही लावणार नाही. त्या भागातून गाडीने चाललेल्या एका इंग्रज माणसाच्या कानावर हे पडलं. त्याने गाडी बाजूला घेतली, फोन लावला आणि वर्गणी भरून टाकली. हा माणूस म्हणजे रॉबर्ट प्लांट. १९७१ साली त्या गाण्याचे शब्द लिहिणारा आणि ते गाणारा तोच.

किस्सा त्याने स्वतःच मुलाखतीत सांगितलाय, त्यामुळे थोडा मीठमसाला लागला असेल असं धरून चालू. मला मात्र तो पटतो. आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावरचा एक मुलगा गिटार शिकत होता, तेव्हा त्याने त्या गाण्याची सुरुवात सलग पाच महिने वाजवली. रोज संध्याकाळी सातला. बोट दरवेळी एकाच जागी घसरायचं, तो थांबायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. पाच महिन्यांत माझी ही गत झाली, तर पन्नास वर्षं ते गाणं ज्याच्या मानगुटीवर बसलंय त्याची काय झाली असेल!

प्लांटचा रॉक बँड लेड झेपलिन १९८० साली संपला. त्याला आता पंचेचाळीस वर्षं झाली. एवढ्या काळात चाहते, कार्यक्रम भरवणारे, रेकॉर्ड कंपन्या आणि अधूनमधून त्याचे जुने सोबतीसुद्धा एकच मागणी करत आलेत: पुन्हा एकत्र या. आणि हा गृहस्थ कधी हसून, कधी वैतागून, कधी विषयच बदलून नाही म्हणत आलाय. त्याला कोणी कृतघ्न म्हणतं, कोणी आढ्यताखोर. मला विचाराल तर हा नकार हेच त्याच्या उत्तरायुष्यातलं सगळ्यात मोठं काम आहे, आणि तो त्याचा हक्कही आहे.

आपल्याकडे रंगमंचावर आल्या आल्या ‘रसिक मायबाप’ म्हणायची पद्धत आहे. शब्द गोड आहे, पण त्यात एक मेख आहे. मायबाप म्हटलं की उपकार आले, उपकार आले की फेड आली, आणि फेड कशी करायची हे मायबापच ठरवणार. मायबापांना पोरगं कायम विशीतलं हवं असतं. केस तसेच, आवाज तसाच, गाणं तेच. पोराला पन्नाशीत काही वेगळं सुचलं तर ‘हे काय भलतंच!’

प्लांटचा जन्म १९४८चा, इंग्लंडच्या मध्यभागातल्या वेस्ट ब्रॉमविचचा. घरच्यांच्या इच्छेखातर पोरगा चार्टर्ड अकाउंटंट व्हायला निघाला आणि दोन आठवड्यांत परतला. (हे वाचून आपल्याकडच्या कितीतरी घरांत एक सुस्कारा निघेल.) १९६८ साली, जेमतेम विसाव्या वर्षी, गिटारवादक जिमी पेजने त्याला नव्या बँडसाठी उचललं. प्लांटने ढोलांवर आपला जुना दोस्त जॉन बॉनमला आणलं. बेसवर जॉन पॉल जोन्स. पुढची बारा वर्षं हे चौघे जगातल्या सगळ्यात मोठ्या बँडांपैकी एक होते, आणि उघड्या छातीचा, कुरळ्या सोनेरी केसांचा, छत फाडणाऱ्या आवाजाचा प्लांट हा त्या बँडचा चेहरा होता.

त्या बारा वर्षांचा दुसरा हिशेब चाहत्यांच्या बोलण्यात फारसा येत नाही. १९७५ मध्ये ग्रीसमधल्या ऱ्होड्स बेटावर प्लांट कुटुंबाच्या गाडीला अपघात झाला. तो आणि त्याची बायको दोघेही जबर जखमी झाले, आणि त्यानंतरच्या अल्बमचं गाणं त्याने चाकाच्या खुर्चीत बसून रेकॉर्ड केलं. १९७७ मध्ये बँड अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना घरून फोन आला. पाच वर्षांचा मुलगा, कॅरॅक, पोटाच्या विषाणूसंसर्गाने गेला होता. प्लांटने तेव्हा गाणं सोडायचं ठरवलंच होतं. शिक्षक होण्यासाठी एका प्रशिक्षण संस्थेत अर्जही केला होता. त्या दिवसांत त्याला धरून ठेवलं ते बॉनमने. आणि सप्टेंबर १९८० मध्ये तोच बॉनम अतिमद्यपानानंतर झोपेत गेला. डिसेंबरमध्ये उरलेल्या तिघांनी पत्रक काढून सांगितलं की आता आहोत तसं पुढे चालू शकत नाही.

म्हणजे लोक ज्याला ‘ते सोनेरी दिवस’ म्हणतात, तो या माणसाच्या लेखी एक अपघात, एक मूल आणि एक जिवलग मित्र एवढा काळ आहे. तिथे परत जाण्याचा आग्रह धरणाऱ्याने निदान हे ध्यानात ठेवावं. तो बाहेर पडला तेव्हा बत्तीस वर्षांचा होता. बँडमध्ये बारा वर्षं आणि बँडबाहेर पंचेचाळीस. आपण मात्र अजून त्याची ओळख त्या बारांवरूनच करून देतो.

१९८२ साली त्याचा पहिला एकट्याचा अल्बम आला. पुढच्या वर्षी तो अमेरिकेच्या दौऱ्यावर निघाला, ढोलांवर फिल कॉलिन्स, आणि एक ठाम नियम: झेपलिनचं एकही गाणं म्हणायचं नाही. नावावर तिकिटं खपतायत ती त्याच गाण्यांमुळे, हे त्याला कळत नव्हतं थोडंच. आपल्याकडे एखाद्या नाट्यगीत गायकाने नाट्यगीतांच्या बैठकीत एकही नाट्यगीत न म्हणता घरी जावं, तसला प्रकार. सभागृहातल्या पुढच्या चार रांगांनी काय केलं असतं, ते सांगायला नको.

या काळातलं त्याचं सगळंच संगीत चांगलं आहे असा माझा दावा नाही. १९८५चा तिसरा अल्बम आज ऐकवत नाही. त्या दशकातल्या यंत्रांचा टणत्कार कानाला टोचतो. पण फसण्याची मोकळीक हवी असेल तर ती अशीच, पदरमोड करून मिळवावी लागते. लोकांना आवडणारं तेच ते गात राहिलं की फसायची भीती नसते, आणि नवं सापडायची शक्यताही नसते.

पुन्हा एकत्र येण्याचे प्रयोग झाले नाहीत असंही नाही. जुलै १९८५ मध्ये लाइव्ह एड या मोठ्या मदत कार्यक्रमाच्या फिलाडेल्फियातल्या मंचावर तिघे आले. तालीम नावापुरती, ढोलांवर दोन पाहुणे, पेजची गिटार बेसूर, प्लांटचा घसा बसलेला. पुढे त्या कार्यक्रमाची डीव्हीडी निघाली तेव्हा या मंडळींनी आपला भाग त्यात घालू दिला नाही. १९८८ मध्ये त्यांच्या रेकॉर्ड कंपनीच्या चाळिसाव्या वाढदिवसाला पुन्हा तोच खेळ आणि पुन्हा तीच फजिती. तेव्हा नकार हा काही नुसता अहंकार नव्हता, दोनदा पोळलेलं तोंडही त्यात होतं.

मग आलं २००७. हे वर्ष मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण त्या शरद ऋतूत प्लांटपुढे दोन दारं एकदमच उघडली.

एक दार होतं अ‍ॅलिसन क्रॉसचं. ती अमेरिकन लोकसंगीताच्या ब्लूग्रास परंपरेतली गायिका आणि फिडलवादक, त्याच्याहून तेवीस वर्षांनी लहान. दोघांचा अल्बम ऑक्टोबरमध्ये आला, जवळपास सगळी गाणी इतरांची, विसरलेली, कोपऱ्यातली. ऐकताना आधी धक्का बसतो तो आवाजाच्या पातळीचा. जो माणूस स्टेडियमच्या शेवटच्या रांगेपर्यंत ओरडायचा, तो इथे जवळजवळ कुजबुजतोय. आणि त्याने आयुष्यात कधी न केलेली गोष्ट करतोय: दुसऱ्या आवाजाला जुळवून घेऊन, हार्मनीत गातोय. हे त्याला जमत नव्हतं. झेपलिनमध्ये तो एकटाच गायक, दरवेळी ओळ वेगळी घ्यायची सवय, मनाला येईल तिथे हरकत. क्रॉसच्या परंपरेत मात्र दोन आवाज एकमेकांना चिकटायचे तर प्रत्येकाने आपली ओळ दरवेळी हुबेहूब तीच घ्यायला हवी. साठीला टेकलेल्या, कोट्यवधी तबकड्या खपलेल्या माणसाला एक पस्तिशीची बाई सांगतेय की मघाशी घेतलंस तसंच पुन्हा घे. आणि तो घेतोय. एका जागी त्याचा आवाज तिच्या आवाजाखाली आडोशाला उभा राहतो, तो क्षण मी कितीतरी वेळा मागे घेऊन ऐकलाय.

दुसरं दार होतं लंडनच्या ओ-टू सभागृहाचं. त्यांच्या रेकॉर्ड कंपनीचा संस्थापक अहमेत एर्तेगुन गेला होता, त्याच्या स्मरणार्थ एक कार्यक्रम. पेजचं बोट मोडल्यामुळे नोव्हेंबरचा मुहूर्त १० डिसेंबरवर गेला. ढोलांवर बॉनमचा मुलगा जेसन. सभागृहात जागा वीस हजारांच्या घरात, आणि तिकिटासाठी नाव नोंदवू पाहणारे जगभरातून दोन कोटी, असं आयोजकांनी सांगितलं. या वेळी तालीम झाली होती. काही गाणी मूळ पट्टीच्या खाली उतरवून घेतली होती, कारण एकोणसाठ वर्षांच्या गळ्यावर तेवीस वर्षांच्या गळ्याचं ओझं टाकायचं नाही एवढं शहाणपण आलं होतं. कार्यक्रम उत्तम झाला. ‘स्टेअरवे’ संपल्यावर प्लांट वर बघून म्हणाला, अहमेत, जमलं बघ आपल्याला. जसं काही एखादं थकलेलं देणं फिटलं.

दुसऱ्या दिवसापासून जगाने धरून चाललं की आता दौरा होणार. प्लांट मात्र क्रॉसबरोबर दौऱ्यावर गेला. २००९ मध्ये त्यांच्या त्या अल्बमला पाच ग्रॅमी मिळाले, वर्षातल्या सर्वोत्तम अल्बमचा मान धरून.

२०१४ मध्ये तर एका वृत्तपत्राने छापलं की एका उद्योगपतीने तिघांना पस्तीस कार्यक्रमांसाठी ८० कोटी डॉलर देऊ केले आणि प्लांटने करार फाडून टाकला. प्लांटच्या प्रसिद्धीप्रमुखाने बातमी तद्दन खोटी असल्याचं सांगितलं. गंमत अशी की खुलासा फार कोणी वाचला नाही, बातमी मात्र अजून फिरते आहे. एवढे पैसे कोणी नाकारू शकतो याचंच लोकांना नवल. सहासष्ट वर्षांच्या माणसाला ते करायची इच्छा आहे का, हा प्रश्न त्या चर्चेत बाजूलाच राहिला.

आता दुसरी बाजू. ती कच्ची नाही.

पहिला आक्षेप पेजच्या वतीने. बँड त्याने उभा केला, निर्मिती त्याची, बरीचशी गिटारं त्याची, आणि त्याला पुन्हा वाजवायचं होतं. सातबाऱ्यावर चार नावं आहेत, एक वारला, दोघे विकायला तयार आणि एकाची सही नाही, अशी ही गोष्ट. सही न देणाऱ्याचा गावात उद्धार होतोच. पण जमीन आणि गळा यात फरक आहे. प्लांटने नाव अडवून धरलं तरी त्या दोघांचं वाजवणं कोणी अडवलं नव्हतं; ओ-टूनंतर पेज, जोन्स आणि जेसनने दुसरे गायक घेऊन पाहिलेच की. जमलं नाही, त्यांनी सोडून दिलं. अडलं होतं ते प्लांटच्या सहीवाचून नव्हे, प्लांटवाचून. आणि माणूस काही हिश्शात येत नाही.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. प्लांट काही संत नाही. १९९४ मध्ये त्याने आणि पेजने मोरोक्को आणि इजिप्तच्या वादकांना घेऊन जुनी गाणी नव्याने केली, तेव्हा जोन्सला बोलावलंच नाही. पुढच्या वर्षी एका सन्मानसोहळ्यात जोन्सने मंचावरून मित्रांचे आभार मानले, अखेर माझा फोन नंबर आठवल्याबद्दल. सभागृह हसलं, पण चिमटा खोल होता. आणि त्याहून जुना हिशेब आहे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय ब्लूज कलावंतांचा. झेपलिनच्या एका सगळ्यात गाजलेल्या गाण्यातले शब्द विली डिक्सनच्या गाण्यातून आले होते, आणि त्याला श्रेय व पैसे मिळायला १९८५चा दावा आणि १९८७ची तडजोड व्हावी लागली. तेव्हा ‘कलावंताचं स्वातंत्र्य’ वगैरे मोठे शब्द वापरताना जीभ थोडी आवरलेली बरी. माझं एवढंच निरीक्षण आहे की उतारवयात तो दुसऱ्यांची गाणी दुसऱ्यांच्या नावाने गातोय, आणि ते ऐकून कितीजण मूळ गाण्यांपर्यंत पोचलेत.

तिसरा आक्षेप पैशाचा, आणि तो खरा आहे. नाही म्हणायला पोट भरलेलं लागतं. प्लांटला जुन्या गाण्यांचं मानधन येत राहतं, म्हणून त्याला नकार परवडतो. आपल्याकडच्या ऑर्केस्ट्रांमध्ये ‘व्हॉइस ऑफ मुकेश’, ‘व्हॉइस ऑफ किशोर’ म्हणून आयुष्य काढलेल्या गायकांना कोणी विचारलंय का, की बाबा, तुझा स्वतःचा आवाज कसा आहे? गणपतीत, नवरात्रात, सोसायटीच्या वर्धापनदिनाला चिठ्ठी येते, आणि चिठ्ठीत जे असेल ते म्हणावं लागतं. मान्य. पण यावरून निष्कर्ष काय काढायचा? ज्याला परवडत नाही त्याला म्हणावंच लागतं, म्हणून ज्याला परवडतं त्यानेही म्हणावं? हा भलताच न्याय झाला. उलट ज्याला परवडतं त्याने तरी नाही म्हणावं, म्हणजे नकार देता येतो एवढं निदान दिसेल.

वन्समोअरची रीत आपल्या रंगभूमीने अगदी लाडाने वाढवली. बालगंधर्वांच्या एकेका पदाला किती वन्समोअर पडायचे याच्या कहाण्या आपण अजून ऐकतो. साठी उलटल्यावरही ते स्त्रीभूमिकेत उभे राहिले, त्याला कर्ज हे कारण होतंच, पण लोकांना दुसरं काही नकोही होतं. त्या उतारकाळच्या प्रयोगांबद्दल जुन्या माणसांना विचारलं की ते जरा गप्प होतात. याच मातीत दुसरे गंधर्व झाले. कुमार. क्षयाने एक फुप्फुस निकामी झालं, काही वर्षं गाणं बंद, देवासला अंथरुणावर पडून कानावर माळव्यातली लोकगीतं. उठले ते वेगळंच गाणं घेऊन, आणि बुजुर्गांनी नाकं मुरडली. पण त्याच कुमारांनी पुढे ‘मला उमजलेले बालगंधर्व’ असा कार्यक्रम केला. नावातच सगळं आलं. बालगंधर्वांची नक्कल नाही, मला उमजलेले.

प्लांट जुन्या गाण्यांशी नेमकं हेच करतो, आणि हे त्याच्यावर चिडणाऱ्यांच्या लक्षात येत नाही. त्याने झेपलिनची गाणी कायमची टाकून दिलेली नाहीत. १९८८ नंतर तो ती गातो, पण आजच्या गळ्याने, आजच्या सोबतीने. क्रॉसबरोबर त्याने एक दणदणीत गाणं बॅन्जोवर इतकं मंद केलं की अर्ध्या लोकांना ओळखायला दोन ओळी लागत. पुढे गाम्बियाच्या जुल्दे कामाराला बरोबर घेतलं, आणि जिथे पेजची गिटार होती तिथे एका तारेचं आफ्रिकी फिडल आलं. २००३ मध्ये तो मालीत, टिम्बक्टूच्या पलीकडच्या वाळवंटातल्या संगीतमहोत्सवात जाऊन गायला होता, तिथली ही ओढ.

ही ओढ नंतर लागलेली नाही, आणि तिचा एक धागा मुंबईत आहे. १९७२ साली, बँड ऐन भरात असताना, पेज आणि प्लांट मुंबईला आले. कुलाब्याच्या स्लिप डिस्क नावाच्या डिस्कोथेकमध्ये ते वाजवून गेले, ही दंतकथा जुने मुंबईकर अजून रंगवून सांगतात. पण त्यांनी इथल्या स्टुडिओत हिंदुस्थानी वादकांना घेऊन आपली दोन गाणी पुन्हा रेकॉर्डही केली. ती टेप पेटीत पडून राहिली आणि अधिकृतपणे बाहेर आली २०१५ साली. ऐकून पाहा. तबला आणि सारंगी त्यांच्या तालाशी भांडतात, दोन्ही बाजूंना पुरतं कळत नाही की समोरचा नेमकं काय करतोय. फार जमलेलं काही नाही. पण चोविशीतला, जगाच्या डोक्यावर बसलेला तो गायक त्या खोलीत आपलंच गाणं दुसऱ्याच्या सुरात कसं दिसतं हे बघत होता.

आता तंत्रज्ञानाने वन्समोअरचा प्रश्न वेगळ्याच रीतीने सोडवलाय. लंडनमध्ये २०२२ पासून ‘आबा’ या स्वीडिश पॉप बँडचे चौघे गायक त्यांच्या सत्तरच्या दशकातल्या रूपात मंचावर येतात, प्रकाशाचे. उद्या १९७३चा प्लांटही तसा उभा करता येईल. ज्यांना तेच हवंय त्यांनी खुशाल तिकीट काढावं. जेसन बॉनमचा बँडही झेपलिनचीच गाणी वाजवत गावोगाव फिरतो आणि चांगली वाजवतो. मग जिवंत म्हाताऱ्याच्या मागे लागायचं कारणच काय उरलं?

तो म्हातारा २०१९ मध्ये सेव्हिंग ग्रेस नावाचा एक छोटा चमू घेऊन इंग्लंडमधल्या लहान लहान सभागृहांत फिरत होता. काही ठिकाणी फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या जुन्या लोकसंगीत बँडच्या आधी, लोक जागेवर बसत असताना गाणारा पहिला पाहुणा म्हणून. शेजारी सुझी डायन नावाची गायिका, हातात अकॉर्डियन, आणि बऱ्याच गाण्यांत तो तिच्या मागच्या आवाजात. त्या चमूचा अल्बम निघाला २०२५च्या सप्टेंबरमध्ये, तोवर प्लांटने सत्याहत्तरी गाठली होती.

आणि ‘स्टेअरवे’? ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायर परगण्यात कर्करोगाच्या कामासाठी एक खाजगी मदत कार्यक्रम होता, ड्युरान ड्युरान या इंग्लिश पॉप बँडचा जुना गिटारवादक अँडी टेलर याने भरवलेला. टेलर स्वतः त्या आजाराशी झुंजतोय. एका देणगीदाराने सांगितलं, प्लांट ते गाणं म्हणणार असेल तर मी मोठी रक्कम देतो. सोळा वर्षांनी तो ते गायला, वरच्या सुरांशी झटापट न करता, सावकाश. पोर्टलंडच्या रेडिओला त्याने ते न ऐकण्याचे पैसे दिले होते. इथे कोणीतरी ते ऐकण्याचे दिले, आणि ते कर्करोगाच्या कामासाठी गेले. दुसऱ्या दिवशी फोनवर घेतलेली चित्रफीत जगभर फिरली आणि खाली पुन्हा तोच प्रश्न सुरू झाला, मग आता दौरा कधी?